सुमनमावशींना व्हीलचेअरवर बसवलं तेव्हा

परवा मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता आमच्या शेजारच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सुमनमावशींवर अन्याय झाला. त्यांच्या आतड्यात कॅन्सरची गाठ आहे. ऑपरेशन होईल का, एवढंच विचारायला मावशी, त्यांचा मुलगा आणि मी हॉस्पिटलात गेलो होतो. बसस्टॉपपासून मावशी माझ्यापुढे चालत होत्या. हॉस्पिटलच्या दारातच कर्मचाऱ्यानं व्हीलचेअर पुढे केली. "आजी, बसा, पडाल."

"अरे, तूच दमलेला दिसतोस. तू बस, मी ढकलते."

सगळे हसले आणि त्यांना बसवलंच. खुर्ची ढकलत आत नेली ती मीच.

डॉक्टरांनी कागदावरचं वय पाहिलं, खुर्ची पाहिली आणि मावशींच्या मुलाला विचारलं, "चालतात का?" तो काळजीपोटी म्हणाला, "थोडंफार."

"मग ऑपरेशन झेपणार नाही."

म्हातारं माणूस दिसलं की आपण त्याला बसवतो, त्याच्या वतीनं बोलतो आणि याला माया म्हणतो. त्या मायेनं परवा एका बाईचं बळ झाकून टाकलं. ऑपरेशन कदाचित खरंच झेपणार नसेल. पण ते तपासलं कुणी?

घरच्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाल तेव्हा गप्प राहू नका. डॉक्टरांना ठणकावून सांगा: आधी यांना चालवून बघा, यांनाच विचारा, मग काय ते ठरवा.