गंगाबाईची भेंडी

गंगाबाईच्या टोपलीतल्या भेंडीचा शेंडा मोडून बघायची कुणाची छाती नव्हती. नुसतं बोट पुढं केलं, की हैदराबादेतल्या आबिड्सजवळच्या त्या भाजीबाजारात आवाज घुमायचा, "मोडली ती घेतली! माझ्या भेंडीचा इम्तेहान नक्को, बाई!" माझी आई वकिलाची मुलगी, पण तीही मुकाट्यानं हात मागं घ्यायची. मी तेव्हा कॉलेजात होते आणि गंगाबाईला आमच्या प्रिन्सिपॉलांपेक्षा जास्त भीत होते.

त्या साली हैदराबाद राज्याच्या वाटण्या झाल्या. मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. त्यांच्यामागं कचेऱ्यांची कपाटं गेली, टेबलं गेली आणि माणसंही गेली. गंगाबाईचा नवरा लिंबाजी चपराशी होता. त्याची औरंगाबादला बदली झाली. बाजारात वीस वर्षं बसली गंगाबाई, पण कागदावर जागा लिंबाजीच्या नावावर! बाजाराचा दरोगा बजावून गेला, "नामवाला जा रहा है, तो जगह खाली करो. सोमवार को आता हूँ."

त्या संध्याकाळी ती आमच्या पायरीवर बसून रडली. "संसार कुठंबी थाटीन, आक्का," ती आईला म्हणाली, "पन हितली गिऱ्हाइकं कशी नेऊ?" मला फार वाईट वाटलं. त्या आवाजाला रडताही येतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

सोमवारी आम्ही मायलेकी मुद्दाम बाजारात गेलो. जागेवर चपराशाचा पट्टा लावून लिंबाजी बसलेला! बाजूला गंगाबाई हात बांधून उभी. दरोगा येताच म्हणाली, "नामवाला बैठा है, साब. धंदा देख लेव."

बायको कोथिंबिरीवर पाणी शिंपडते, एवढंच लिंबाजीनं पाहिलेलं. त्यानं तांब्याभर पाणी भेंडीवर ओतलं. उरलेलं कांद्यांवर. शेजारची यल्लम्मा "अय्यो!" म्हणून किंचाळली. एक म्हातारी भेंड्यांचे शेंडे पटापट मोडू लागली, तर हा अदबीनं म्हणतो, "घ्या, घ्या, मोडा."

दरोग्याच्या घरची भाजी याच टोपलीतून जायची. तो हसत हसत ओरडला, "उठो, लिंबाजी! शाम तक बाजार डुबा देंगे तुम!" आणि वही उघडून त्यानं गंगाबाईचं नाव घातलं. लगेच यल्लम्मा पुढं सरसावली. तिच्यामागं आणखी सहाजणी. त्यांच्या जागाही नवऱ्यांच्याच नावावर होत्या. दरोगा दुपारपर्यंत लिहीत बसला.

"लिंबाजीला तुम्ही शिकवून ठेवलं होतं ना?" मी नंतर विचारलं.

"शिकवाया कायकू लागतंय? माझा भरवसा होता त्याच्यावर."

लिंबाजी एकटाच औरंगाबादला गेला. सुटीत यायचा, टोपल्या उचलायचा. तांब्याला हात लावायची मात्र मनाई होती.

पुढं मला शाळेत नोकरी लागली. पत्र घेऊन मी आधी बाजारात गेले. गंगाबाईनं ओले हात पदराला पुसले.

"नाव कुनाचं हाय?"

"माझं."

"अमक्याची लेक, तमक्याची बायकू, काय नाय?"

"काही नाही. नुसतं माझं."

ती थोडा वेळ पत्राकडं बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं. मग तिनं भेंडीची टोपली माझ्यापुढं सरकवली.

"मोड," ती म्हणाली.