आजोबांचा पाय

सई, ईशान — हे मी तुमच्या बाबाला सांगितलेलं नाही. आजोबांना तर नाहीच. सांगता येत होतं तेव्हाही नाही. आता सांगून कोणाचं काही भलं होणार नाही, एवढं मला कळतं. तरी लिहिते आहे.

परवा फोनवर, ईशान, तू गाडी शिकायला लागल्याचं सांगितलंस. बाबा मागून म्हणाला, "आजोबांसारखी उसाच्या ट्रॉलीत घालू नकोस म्हणजे झालं." सगळे हसलात. मीही हसले. मग फोन ठेवून भांडी जागेवर लावली. मला तेच येतं.

आजोबा सैन्यात गाड्यांवर होते. बर्फातल्या घाटांतून ट्रक नेलेला माणूस. निवृत्त होऊन साताऱ्यात आल्यावर आमच्या पांढऱ्या गाडीला त्यांनी कधी मेकॅनिकचा हात लागू दिला नाही. आणि मदतीला कोण? मी. मला त्याचा राग यायचा — फार जुना, घडी घालून ठेवलेला राग.

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकजण चाकाशी बसतो, हातात पाना. दुसरा आत बसून पेडल दाबतो, दाबून ठेवतो आणि ओरडून सांगतो, "धरलंय." मग चाकाशी बसलेला चाकामागचा छोटा नट सैल करतो, तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येतात. नट आवळला की तो म्हणतो, "सोड." नट उघडा असताना पाय उचलला तर हवा उलटी आत शिरते आणि पेडल मऊ पडतं. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. सगळं काम शब्दावर चालतं.

त्या दिवशी सांगलीला माझ्या भाच्याच्या मुलीचं बारसं होतं. सकाळी पेडलखालच्या चटईवर तेल दिसलं. मास्टर सिलिंडर गळत होता — पेडल दाबलं की चाकांकडे तेल ढकलतो तो भाग. मी म्हटलं, एसटीनं जाऊ. "हात्तिच्या! रबरं बदलली की झालं," ते म्हणाले आणि कामाला लागले. रबरं बदलून झाली. मग हवा काढायची, म्हणून मी नवी साडी नेसून ड्रायव्हरच्या जागेवर.

"दाब! अगं, दाब म्हटलं की दाबायचं. कॉलेजात इंग्रजी शिकवलं, दाबायला न्हाई शिकवलं व्हय?" चिडवायचं असलं की ते गावाकडचं बोलत. कुंपणापलीकडे शेजारीण हसली. मी दाबत राहिले.

शेवटच्या चाकाला मी "धरलंय" म्हटलं, आणि तेवढ्यात साडीच्या काठाला चटईवरचं तेल लागलेलं दिसलं. काठ उचलायला वाकले. पाय वर आला. लगेच पुन्हा दाबला — पण नट उघडा होता. पेडल खाली गेलं, ओल्या कणकेसारखं.

ही चूक झाली. चुका कोणाकडून होत नाहीत? मी लिहिते आहे ते पुढचं आहे.

त्यांनी नट आवळून विचारलं, "टणक लागतंय का?"

मी म्हटलं, "टणक."

नाही म्हटलं असतं तर पुन्हा सगळं आलं — पुन्हा दाब, पुन्हा सोड, पुन्हा शेजारीण. एरवी शेवटी ते स्वतः बसून बघत. त्या दिवशी मीच घाई केली, "मी सांगतेय ना, अंघोळीला जा."

गाडी फाटकाबाहेर काढताना ते थबकले. "मऊ लागतंय गं. परत बघू का?"

त्यांना मधुमेह होता. पायांना जपा, असं डॉक्टरांनी नुकतंच सांगितलेलं. मी काय म्हटलं असेल? "मघाशी तर टणक होतं. तुमच्या पायातलीच संवेदना गेली असेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पायाकडे. आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

कऱ्हाड मागे पडलं. प्रत्येक वेळी ते दोनदा ब्रेक दाबत होते — मला दिसत होतं. मी खिडकीबाहेर बघत होते. इस्लामपूर ओलांडल्यावर पुढची उसाची ट्रॉली अचानक थांबली. पहिल्या दाबाला ब्रेक लागला नाही. दुसऱ्याला वेळच नव्हता.

ट्रॅक्टरवाला धावत आला. "आवं काका, दिसलं न्हाई व्हय? लय लागलं का?" मला खरचटलंसुद्धा नव्हतं. त्यांच्या दोन फासळ्या मोडल्या होत्या.

सांगलीच्या दवाखान्यात माझा भाऊ म्हणाला, "भाऊजी, रणगाडा समजलात काय?" ते हसायला गेले आणि कळवळले. संध्याकाळी तुमचा बाबा पुण्याहून आला. त्यानं मलाच विचारलं, "आई, ब्रेक नीट होते ना?" आजोबा खाटेवर जागे होते. मी म्हटलं, "ब्रेक ठीक होते रे. ह्यांचा पाय..." आजोबांनी मान हलवली. "व्हय. माझाच पाय."

बाबानं गाडी भंगारात काढली. पुन्हा त्यांना कोणी गाडी चालवू दिली नाही. त्यांनीही मागितली नाही. हत्यारांची पेटी कोणाला तरी देऊन टाकली. पुढची वर्षं ते गॅलरीत खुर्ची टाकून बसत आणि उजवा पाय भिंतीला लावून दाबत — दाबायचे, धरायचे, सोडायचे. त्या पायाला काय कळतं, हे बघत असत. मी चहा ठेवून आत जात असे.

एकदाच त्यांनी विचारलं, भिंतीकडे बघत. "तेव्हा टणकच होतं ना गं?"

हे विचारलं तेव्हा कोणती घाई होती मला? कोणतं बारसं होतं? घरात आम्ही दोघंच होतो.

"टणकच होतं," मी म्हटलं.

ते गेले तोवर त्यांना तेच खरं वाटत होतं. तुम्हालाही आजवर तेच सांगितलं गेलं. ते खोटं आहे. आजोबांच्या पायाला सगळं कळत होतं. फाटकातच कळलं होतं.