साध्या बियाण्याच्या ओळी

धुळ्याच्या ज्या प्रयोगशाळेत मी काम करते, तिथे सोयाबीनच्या मुळांवर गाठी करणारे जिवाणू वाढवतात. त्या गाठींमधून झाडाला हवेतला नत्र मिळतो. पावसाळ्यात हे सुरळीत चालतं. पण हल्ली आमच्याकडे बरेच जण कपाशी उपटून जानेवारीत सोयाबीन पेरतात, पुढच्या हंगामाला घरचं बियाणं असावं म्हणून. तेव्हा जमीन गार असते आणि गार जमिनीत हे जिवाणू काही करत नाहीत. साक्रीकडच्या थंड पठारावरून आणलेल्या मुळांतून मी त्यांचा एक प्रकार वेगळा काढला होता. तो गारव्यातही वाढायचा. दोन हिवाळे मी त्याच्याच मागे होते. आता तो खऱ्या शेतात बघायचा होता.

मी नानांना विचारलं. नाना म्हणजे माझे वडील. असोद्याला आमची केळी आणि कपाशी. सोयाबीन त्यांनी जन्मात लावलं नव्हतं.

"कपाशीचा तुकडा मोकळाच हाये," ते म्हणाले. "सारा बठ्ठा घे. माह्यं काय जातं?"

संक्रांतीच्या आधी चार दिवस मी गेले. गुळाचं पाणी उकळून गार केलं, त्यात जिवाणूंची काळी भुकटी कालवली आणि सावलीत गोणपाटावर बियाणं पसरून हलक्या हातानं चोळलं. सोयाबीनचं साल फार नाजूक असतं. नाना शेजारी उकिडवे बसून माझे हात बघत होते. लहानपणी मी त्यांचे बघायचे तसे.

एक पिशवी मी मुद्दाम तशीच बाजूला ठेवली. "नाना, हे साधं बियाणं. बांधाकडच्या ओळींत पेरायचं," एवढंच सांगितलं. का, ते सांगितलं नाही. निम्मी पेरणी झाली आणि प्रयोगशाळेतून मॅडमचा फोन आला, उद्या सकाळी तपासणी आहे. मी दुपारच्या बसने परत फिरले.

नंतर थंडी वाढली. पाच-सहा दिवसांत वर यायचं ते बियाणं बारा दिवस झाले तरी येईना. नाना रोज सकाळी फोन करायचे. "आज बी काही नही, बाई." मी म्हणायचे, येईल. दुसरं काय म्हणणार? हवामानाचे आकडे माझ्यासमोर असायचे आणि पारा माझ्या सांगण्याने चढणार नव्हता.

रोपं आली, पण पंधरवड्यातच पिवळी पडली. मी दर रविवारी जाऊन दोन-चार रोपं मुळासकट काढायचे, बादलीत हळूच धुवायचे. मुळं पांढरी स्वच्छ. एकही गाठ नाही. येणारेजाणारे बांधावर थांबायचे. एकदा मी विहिरीमागे होते आणि नाना कुणाला तरी सांगत होते, "माह्या पोरीनं सांगितलंय, थांबा. तिचं शिक्षणच त्यातलं हाये." त्या आवाजात इतका भरवसा होता की मला विहिरीमागून बाहेर येववेना.

तो माणूस गेल्यावर नानांनी विचारलं, "युरिया टाकू का थोडा?"

मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "युरिया पडला की गाठी धरायच्या नाहीत. थांब अजून. आणि साध्या बियाण्याच्या ओळी कशा आहेत ते बघ. त्या जास्त पिवळ्या असतील तर तुझं काहीतरी चाललंय."

मी बांधाकडे गेले. तिथली रोपंही तशीच, तितकीच पिवळी.

"नाना, साधं बियाणं इथेच पेरलं ना?"

"इथंच. पण साधं कसं राहू देईन? घमेल्यात ते कायं पानी उरलं होतं. म्हटलं, गडबडीत तुह्याकडून राह्यलं असंल. मीच चोयलं त्याला. तुह्यासारखं, हलक्या हातानं."

ते जरा हसले. शाबासकीची वाट बघत असावेत. मी म्हटलं, "बरं केलं."

तुलनेला आता काहीच उरलं नव्हतं. रागवायला कुणी नव्हतं. सांगायचं राहिलं होतं ते माझंच. मी बांधावर बसले. मग मीच म्हटलं, "टाका युरिया."

त्यांनी टाकला. रोपं हिरवी झाली. बांधाकडच्या चार ओळी मात्र त्यांनी युरियाविना सोडल्या, मी न सांगता.

फेब्रुवारी सरता सरता ऊन तापलं, तेव्हा त्या चार ओळींच्या मुळांवर गाठी दिसल्या. नखाने फोडून पाहिल्या तर आतून गुलाबी, म्हणजे जिवंत, कामाला लागलेल्या. नानांनी एक गाठ तळहातावर धरली. "हे तुह्ये का?"

"माहीत नाही, नाना."

खरंच माहीत नव्हतं. ते जिवाणू माझेही असतील किंवा जमिनीतलेच कुठले असतील. आणि माझे असले तरी ऊब आल्यावरच उठले होते. मग साध्या जिवाणूंपेक्षा वेगळं काय झालं? थंडीत रखडलेलं पीक मार्चच्या उन्हात फुलावर आलं आणि निम्मी फुलं गळून गेली. शेंगा भरल्या त्या चपट्या. नानांनी त्यातले दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून उगवण बघितली. थोडेच उगवले. त्यांनी तेही मला फोनवर सांगितलं, जपून, जसं काही घरातल्या कुणाची तब्येत सांगत होते.

मी अहवालात लिहिलं, निष्कर्ष काढता येत नाही. मॅडमनी सही केली आणि दुसरं काम दिलं.

पुढच्या डिसेंबरात नानांचा फोन आला. "कपाशी काढली. तुकडा मोकळा हाये. औंदा बी लावायचं का?"

या वेळी सगळं नीट सांगता आलं असतं. पण थंडी किती पडेल, गाठी कधी धरतील, यातलं काही मला सांगता येत नव्हतं. आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते पुन्हा काय सांगतील, ते मात्र मला ठाऊक होतं.

"नको, नाना. हरभरा पेरा."

 नाना म्हणाले, "बरं. मंग तू कधी येशील?"