वन्संचं बदक

चितारणीला माणसं आवडत नसत असं नाही, पण आवडलेली माणसं तिच्या चित्रात कधी यायची नाहीत. चित्रात यायची ती डोक्यात गेलेली. शाळांच्या तक्त्यातला उंट म्हणजे तिचा जुना घरमालक होता. दंतमंजनाच्या डबीवरचा हसरा बीव्हर, तो दातांनी झाडं पाडणारा प्राणी, म्हणजे तिची दाढ उपटणारा डॉक्टर, आणि तो डॉक्टर स्वतः तीच डबी वापरायचा. नवरासुद्धा सुटला नव्हता. एकदा तो आठवडाभर तोंड फुगवून बसला, तेव्हा सर्कशीच्या पोस्टरवर मिशा लोंबवलेला एक पाणघोडा अवतरला. नवऱ्याने ते पोस्टर पाहून "छान जमलाय" म्हटलं आणि चहा मागितला. कोणी स्वतःला ओळखत नाही, या एका विश्वासावर बाईंचा धंदा चालला होता.

चितारीण हे नाव ठेवलं होतं तिच्या मोठ्या नणंदेने. लग्न होऊन आलेल्या आठवड्यातच. आधी ते टोमणा म्हणून होतं, मग सवयीचं झालं, आणि पुढे पाकिटांवरही तेच यायला लागलं.

ही नणंद, म्हणजे वन्सं, शाळेत व्यायाम शिकवून निवृत्त झालेल्या. हजारभर पोरींना त्यांनी "नीट उभी राहा" एवढं एकच वाक्य आयुष्यभर सांगितलं होतं. आवाज असा की तीन घरं पलीकडचं कुत्रं उठून बसायचं. ऐकायला थोडं कमी येत असल्यामुळे जग पुटपुटतं असं त्यांचं ठाम मत होतं. आणि त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत चितारीण काम करायची.

ती खोली म्हणजे चितारणीचा जीव की प्राण. दोन बाजूंना खिडक्या, दिवसभर सारखा उजेड, आणि मधोमध एक लांबलचक टेबल, जे सुताराने खोलीतच बांधलं असल्यामुळे जिन्यावरून खाली येणं शक्य नव्हतं. तिच्या स्वतःच्या घरात, म्हणजे पुढच्या गल्लीतल्या दोन खोल्यांत, एक कागद पसरायचा तर नवऱ्याला पलंगावर पाय वर घेऊन बसावं लागे. वन्संनी खोली दिली होती मायेने, पण ती माया त्या वरचेवर मोजून दाखवत. "वरची खोली मोकळी करायचीय मला एकदा," हे वाक्य महिन्यातून एकदा तरी यायचंच. चितारीण तेवढ्यापुरती गरीब गाय व्हायची आणि वाक्य डोक्यावरून जाऊ द्यायची.

तिला नवं काम मिळालं ते एका लेबलवाल्याकडून. हा लेबलवाला दिवसा कानाची यंत्रं विकायचा आणि संध्याकाळी त्याच दुकानाच्या मागच्या बाजूला गाण्यांची कंपनी, त्याच्या भाषेत ‘लेबल’, चालवायचा. कंपनी म्हणजे तो, एक कॉम्प्युटर आणि चार बॅंड, ज्यांना दुसरं कोणी उभं करत नव्हतं. "गाणी लोक फुकट ऐकतात," तो म्हणायचा, "पण टी-शर्ट काही फुकट घालत नाहीत." म्हणून प्रत्येक नव्या अल्बमबरोबर तो टी-शर्ट, पिशव्या, चहाचे मग, स्टिकर असा सगळा पसारा काढायचा आणि त्यासाठी चित्रकार बोलवायचा.

त्याची एक तऱ्हा होती. चित्रकाराला तो बॅंडचं तोंडही पाहू द्यायचा नाही. ना फोटो, ना ओळख. कानांची तपासणी करायची जी छोटी काचेची केबिन असते, त्यात तो चित्रकाराला बसवायचा, कानांवर हेडफोन घालायचा, आणि हातात ते बटण द्यायचा जे पेशंट आवाज ऐकू आला की दाबतात. चित्र दिसलं की बटण दाबायचं. बाहेर दिवा लागायचा आणि लेबलवाला आनंदाने टुणकन उडी मारायचा.

"आणि नाहीच दिसलं तर?" चितारणीने विचारलं.

"मग तुमचे कान तपासू," लेबलवाला म्हणाला.

पहिली तीन गाणी ती चक्क पेंगली. चौथं गाणं सुरू झालं आणि ती ताडकन सरळ झाली. कोणीतरी पोरगी घसा फोडून ओरडत होती, पुन्हा पुन्हा, "दार लाव! दार लाव!" मागे ढोल बडवल्यासारखे ड्रम. चितारणीच्या डोळ्यांसमोर क्षणात वन्सं उभ्या राहिल्या. जिन्याच्या तोंडाशी. मान पुढे काढलेली, पर्स काखेत आवळलेली, एक हात कमरेवर. आणि राग फार चढला की त्या करायच्या तेही: एका पायाची चप्पल सोडून तो पाय दुसऱ्या पोटरीवर घासत. चितारणीने बटण असं दाबलं की सोडायचंच विसरली. बाहेर दिवा जळतच राहिला.

लेबलवाल्याने काच ठोठावली. "काय दिसलं?"

"बदक," ती म्हणाली. खोटं नव्हतं. वन्संच्या जागी बदक तिने त्याच घटकेला बसवलं होतं.

बदक एका बैठकीत उतरलं. पंखाखाली पर्स, हनुवटी पुढे, एक पाय उचलून दुसऱ्यावर, आणि डोळ्यांत सगळ्या जगाला वर्गाबाहेर काढायची तयारी. त्याखाली अक्षरं काढली अक्षरकाकांनी. हे लेबलवाल्याचे दुसरे चित्रकार. फक्त अक्षरं काढायचे आणि स्वतःच्या हाताने जाळीच्या चौकटींतून कपड्यावर छापायचे. माणूस मितभाषी, पण बदकाकडे पाहून त्यांनी चष्मा वर केला.

"ही बाई मला कुठेतरी ओरडलीय," ते म्हणाले.

"बाई नाही काका, बदक आहे."

"असेल," काका म्हणाले आणि शाई घोटायला लागले. ओळखीचा सुगावा लागणारा हा पहिलाच माणूस होता.

पण मोह वाईट. बदक इतकं झकास झालं होतं की ते बदलायचं तिच्या जिवावर आलं. वन्सं कुठे असली गाणी ऐकतात, त्या कुठे टी-शर्ट बघायला जातात, अशी तिने स्वतःची समजूत घातली आणि काम देऊन टाकलं.

आणि बदक चाललं की हो. असं चाललं की गाण्यांच्या आधी बदक गावभर पोहोचलं. कॉलेजच्या पोरांच्या छातीवर बदक, सायकलींवर बदक, विजेच्या खांबावर बदक. ‘दार लाव’ ही अक्षरं आणि वर वन्सं. चितारणीला रस्त्याने चालताना सगळीकडून नणंद बघतेय असं व्हायला लागलं.

मग तिची पळापळ सुरू झाली. लेबलवाल्याने प्रेमाने एक खोकंभर नमुने पाठवले, ते नेमके वन्संच्या घरी, कारण कामाचा पत्ता तोच होता. वन्सं खोकं हातात घेऊन उभ्या. "काय आहे यात?"

"उंदराचं औषध," चितारीण म्हणाली. "वरच्या खोलीत फार झालेत."

वन्संनी खोकं हातभर लांब धरलं आणि अंगणात नेऊन ठेवलं. त्यानंतर उंदरांचा विषय निघाला, पिंजरा आला, आणि जे उंदीर नव्हतेच त्यांच्यासाठी चितारणीला रोज खोबऱ्याचा तुकडा लावावा लागला. तो तीच खायची.

वन्संची सकाळी फिरायची मैत्रीण बदकाची पिशवी घेऊन आली, तर चितारणीने चुकून हात लागल्यासारखं करून त्या पिशवीवर चहा सांडला, ओशाळून ती धुवायला नेली आणि परत देताना आतली बाजू बाहेर करून दिली. "अशीच घ्यायची फॅशन आहे," असं वर सांगितलं. मैत्रीण तशीच घेऊन फिरली. पुढे वन्संचा चष्मा तिने "स्क्रू सैल झालाय" म्हणून दुकानात टाकला आणि दुकानदाराला बजावलं, की घाई अजिबात करू नका. वन्सं आठवडाभर जुन्या चष्म्याने पेपर वाचत जगावर चिडत राहिल्या.

नवरा हे सगळं बघत होता. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, तारेला हात लावण्याआधी विचार करायची सवय. "सांगून टाक ताईला," तो म्हणाला.

"आणि खोली गेली म्हणजे? तुम्ही पलंगावर पाय वर घेऊन बसाल का रोज?"

नवऱ्याने नकळत पाय वर घेतले. त्याला ते दिवस आठवत होते.

घात केला तो लेबलवाल्याने. अल्बमचा कार्यक्रम होता, त्याचं आमंत्रण चितारणीला द्यायला तो स्वतः वन्संच्या दारात गेला. वन्संनी त्याचं सगळं बोलणं दोनदा सांगायला लावलं. लेबलवाल्याला धंद्याची नजर. त्याने हळूच खिशातलं एक यंत्र काढून त्यांच्या कानाला लावून दाखवलं. वन्संना म्हणे पहिल्यांदाच समजलं की जग पुटपुटत नाही. त्या इतक्या खूश झाल्या की कार्यक्रमाला येण्याचं वचन देऊन बसल्या.

चितारणीची पाचावर धारण बसली. तिने आजारपण काढून पाहिलं, वन्सं म्हणाल्या तू झोप, मी जाते. तिने आवाज फार मोठा असतो म्हणून घाबरवलं, वन्सं म्हणाल्या ऐकायलाच तर चाललेय.

कार्यक्रम बॅडमिंटनच्या हॉलमध्ये होता. जमिनीवर कोर्टाच्या पांढऱ्या रेघा, जाळीच्या खांबांना स्पीकर बांधलेले. आणि आत शिरल्या शिरल्या, समोरच्या अख्ख्या भिंतीवर, अक्षरकाकांनी हाताने छापलेलं माणसापेक्षा उंच बदक. खाली टेबलावर टी-शर्टांच्या चळती. चष्माही त्याच दिवशी दुकानातून आला होता. दुकानदाराला म्हणे कंटाळा आला होता तो सांभाळायचा.

वन्सं भिंतीसमोर थांबल्या. पोरं त्यांना वळसा घालून जात होती. एका पोराने बदकाकडे पाहिलं, वन्संकडे पाहिलं आणि मित्राच्या पोटात कोपर मारलं. चितारीण चार पावलं मागे उभी राहून मनातल्या मनात टेबलाचे पाय कापत होती, म्हणजे ते निदान जिन्यावरून उतरवता तरी येईल.

"इकडे ये," वन्सं म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा नव्हता. बारीक होता.

ती गेली.

"ही आई आहे," वन्सं म्हणाल्या.

"कोण?"

"आमची आई. तुझी सासू." वन्संनी बोट लावलं. "हा पाय बघ. चिडली की चप्पल सोडायची आणि असा घासायची. तिचे फोटो आहेत ना घरात, सगळ्यांत नुसती बसलेली, हात मांडीवर, कोणी दम दिल्यासारखी. ती तशी नव्हतीच ग. ती ही अशी होती." त्यांनी नाक ओढलं. "पण तू तर तिला पाहिलंच नाहीस. ती गेल्यावर तुझं लग्न झालं."

चितारणीच्या जिभेवर उत्तर तयार होतं. ‘ह्यांनी सांगितलं होतं,’ एवढं म्हटलं की झालं. खोली राहिली असती, वर शाबासकी मिळाली असती, आणि नवऱ्याला आयुष्यात प्रथमच वर्णन करता येतं असं लोकांना वाटलं असतं. तिने तोंड उघडलंही. पण वन्सं बदकाकडे अशा बघत होत्या, की या बाईला आत्ता थाप मारली तर आपण त्या उंट झालेल्या घरमालकापेक्षाही हलके, असं तिला अगदी आतून वाटलं.

"वन्सं," ती म्हणाली, "मी सासूबाईंना नाही काढलं. तुम्हाला काढलंय."

हॉलमध्ये कोणीतरी माइक तपासत होतं. वन्संच्या कानात नवं यंत्र होतं, त्यामुळे ऐकू आलं नाही अशी सोय नव्हती.

"मला?"

"तुम्ही जिन्याशी उभ्या राहून ओरडता ना. तेव्हाच्या."

"मी अशी उभी राहते?"

"राग आला की."

"आणि पाय?"

चितारणीने नुसतं खाली पाहिलं. वन्संनीही पाहिलं. त्यांची डावी चप्पल रिकामी पडली होती आणि डावा पाय उजव्या पोटरीवर होता. त्यांनी तो झटकन खाली ठेवला नाही. तसाच राहू दिला आणि बघत राहिल्या.

"आईचं सगळं तुझ्या नवऱ्याने घेतलं," त्या शेवटी म्हणाल्या. "रंग, केस, गाता गळा. येणारा जाणारा म्हणायचा, मुलगा अगदी आईवर गेलाय. मला कोणी कधी म्हटलं नाही. आणि मी जन्मभर पोरींना नीट उभं राहायला शिकवत बसले." त्यांना हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं, दोन्ही एकदमच. चितारणीने वन्संचा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

वन्संनी तो थोडा वेळ धरू दिला. मग सोडवून घेतला आणि टेबलाकडे वळून ढीग उपसायला लागल्या. "माझ्या मापाचा आहे का यात? आणि तुझ्या नवऱ्याला एक. त्याला रोज घालायला लाव." टी-शर्ट अंगाला लावून पाहताना त्या सहज म्हणाल्या, "उद्या वरच्या खोलीत येते मी. मला काढ. बदक नाही, मला. समोर बसवून."

चितारणीचा जीव भांड्यात पडला. खोली राहिली होती. पण आता तिला खोलीपेक्षा चित्राचीच घाई झाली होती.

"बसवून नको वन्सं, उभ्यानेच काढते," ती म्हणाली. "फक्त राग यायला हवा, नाहीतर तो पाय वर जायचा नाही. मी मुद्दाम काहीतरी चुकीचं करेन, चालेल?"

"मुद्दाम कशाला?" वन्सं म्हणाल्या. "तू नेहमीसारखी वाग. पुरेल."