मागच्या भिंतीवरचा हात

पुण्याहून निघताना आईनं एकच काम सांगितलं होतं, "कमलच्या हाताचा फोटो आण." अचलपूरची आमची जुनी शाळा पाडणार, असा गावाहून फोन आला होता. कमल माझी धाकटी बहीण. चौथीची परीक्षा दिली आणि त्याच उन्हाळ्यात तापानं गेली. तिचा एकही फोटो नाही. भाजी विकणाऱ्यांच्या घरात तेव्हा कॅमेरा कुठला! पण आमच्या शाळेत एक रीत होती. चौथीची मुलं शाळा सोडताना मागच्या भिंतीवर गेरूत बुडवलेला हात उमटवत. दर दिवाळीला शाळेला चुना लागे, तो ती एक भिंत सोडून.

सकाळी अमरावतीला उतरले. राजापेठेत ट्यूशनला निघालेल्या पोरांच्या गाड्या रस्ता ओलांडू देईनात. तरी गिला वडा (ताक-चटणीत भिजवलेला उडदाचा वडा) खाल्लाच, वरून भरपूर सांभार (कोथिंबीर). तिखटानं डोळ्यांत पाणी आलं तशी वडेवाली हसली, "पुन्याच्या दिसता, बाई!" असा राग आला म्हणता! मी इथलीच की.

अचलपूरची एसटी वाटेत पंक्चर झाली. तासभर रस्त्याकडेला उभी राहिले. कपाशी फुटली होती, पलीकडे संत्र्याच्या बागा. जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. शाळा आधीच पाडली असली तर?

शाळा उभी होती. पण पांढरीशुभ्र! दाराला आंब्याची पानं, अंगणात निरोपाच्या कार्यक्रमाच्या खुर्च्या. मी तडक मागं गेले. मागची भिंतही पांढरी. एक हात शिल्लक नव्हता.

मी ओढणीचं टोक पाण्यात भिजवून भिंत घासायला लागले. चुन्याबरोबर गेरूही निघून आला, तेव्हा घाबरून थांबले.

"अव माय! हे काय करून राहिल्या?" आमचे जुने चपराशी शेषरावकाका काठी टेकत आले. मी नाव सांगितलं.

"मंडईतल्या गोदाबाईची पोर? मोठी का लहानी?"

"मोठी. लहानी गेली नं, काका. तिचा हात होता इथं. ही भिंत कावून रंगवली? का म्हणून?" माझा आवाज चढला होता.

काका हळूच म्हणाले, "मीच मारला चुना, दोन दिवस लागले. मेल्या मानसाले आंघोळ घालूनच नेतात नं, पोरी. अर्धं अंग कोरडं कसं ठिवू? मले वाटलं, शाळा स्वच्छ जावी."

त्यांचे हात चुन्यानं फुटले होते, बोटांना चिंध्या बांधल्या होत्या. त्यांच्या शेजारी ओट्यावर बसून मी पोटभर रडले. निघताना त्या कोऱ्या भिंतीचाच फोटो घेतला.

घरी आल्यावर आईला सगळं खरं सांगितलं. ती चिडली नाही. मोबाइल मांडीवर घेऊन बराच वेळ बघत बसली. आता तिला कुणाला बोल लावायचा नव्हता, तसा मलाही.

"कुठं होता गं?"

मी फोटोतल्या खिडकीच्या खाली, डावीकडे बोट ठेवलं. मलाही नक्की आठवत नव्हतं. आईनं त्या जागेवर आपला तळहात ठेवला.