सुभद्रेचा हादगा

सुभद्रा गेली तेव्हा गिरगावातल्या चार घरांना पोळ्या करणारी बाई मिळेना, एवढाच काय तो शोक झाला. ती एकेकाळी आमच्या हादग्याची म्होरकी होती, हे सांगायला आता मी एकटीच उरले आहे. मीच उरावं हेही चांगलंच झालं म्हणायचं.

अठराशे सत्त्याण्णव सालची गोष्ट. आमच्या वाडीतल्या महादेवराव कारकुनांची ही मुलगी, अकरा वर्षांची, अंगाने काडी, पण आवाज पार विहिरीपर्यंत पोचायचा. पाटावर हत्ती ती काढी, फेर ती धरी. हादग्याचा नेम कडक: पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत सोळाव्या दिवशी सोळा. मध्येच गाणं मोडलं तर अपशकुन. सोळाही गाणी तोंडपाठ फक्त सुभद्रेला होती.

तिचं लग्न आदल्या वर्षी झालं होतं. न्हाण यायचं होतं म्हणून ती माहेरीच राहिली होती. सासर मांडवीला. माघात गाठीच्या तापाने, म्हणजे प्लेगने, नवरा गेला. सतरा वर्षांच्या त्या मुलाला तिने लग्नात पाहिलं असेल तेवढंच. बांगड्या फुटल्या, कुंकू गेलं. केस तेवढे राहिले, तेही बापाने हातापाया पडून मुदत मागितली म्हणून.

हादग्याचा हस्त लागला आणि वाडीची पंचाईत झाली. विधवेला फेरात घेता येईना आणि तिच्यावाचून गाणी कुणाला येईनात. माझी काकू, राधाबाई, ही वाडीतल्या बायकांची पुढारीण. तिने तोड काढली. सुभीने दाराआड बसून ओळ सांगायची, आम्ही अंगणात म्हणायची. दाराआडचा तिचा सूर पंधरा दिवस कुणालाही बाधला नाही. गरज असली की आमचं शास्त्र लोण्यासारखं मऊ व्हायचं.

म्होरकेपण माझ्याकडे आलं. रोज दुपारी जिन्याखाली बसून मी तिच्याकडून एकेक नवं गाणं घेत असे. पंधराव्या दिवशी मात्र शेवटचं गाणं द्यायला ती तयार होईना.

"उद्या बोळवणीला एक फेर घेशील मला? एकच," ती म्हणाली.

मी गळ्याची शपथ घेतली. तिने लगेच गाणं सांगितलं, सगळी कडवी, दोनदा.

सोळाव्या दिवशी ती धुवट लुगडं नेसून अंगणात आली आणि माझ्यापुढे हात केला. काकू ओट्यावरून बघत होती. मी सुभद्रेच्या मनगटाकडे पाहिलं.

"तुझ्या हातात बांगड्या नाहीत, सुभे," मी म्हटलं आणि पलीकडच्या शेवंतीचा हात धरला. फेर मिटला. सुभद्रा हात मागे घेऊन आत गेली.

पंधरा गाणी सुरळीत झाली. सोळाव्याच्या तिसऱ्या कडव्याला मी अडले. ओळ काही केल्या आठवेना. फेर थांबला, सगळ्या माझ्या तोंडाकडे बघू लागल्या. तेवढ्यात दाराआडून तिने ओळ सांगितली. राग नाही, टोमणा नाही, रोज सांगायची तशीच.

आणि काकू कडाडली. बोळवणीच्या गाण्यात रांडेचा सूर आला, हादगा मोडला, आता साथ पुन्हा वाडीत शिरणार. बायकांनी री ओढली. गाणं अर्ध्यावरच टाकून पाट उचलला आणि चौपाटीवर बोळवला. फेर कशाने थांबला हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. तेव्हा मी दहा वर्षांची होते, असं मी गेली साठ वर्षं स्वतःला बजावते आहे. उपयोग शून्य.

महादेवरावांना त्याच वाडीत राहायचं होतं. आठ दिवसांत न्हावी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विहिरीवर भेटली. बोडक्या डोक्यावर लाल अलवणाचा पदर, हातात कळशी. मी मान खाली घातली. तिने चार शिव्या हासडाव्यात म्हणून मी वाट बघत राहिले.

"त्या दिवशी मला आईने मागच्या खोलीत कोंडलं गं," ती म्हणाली. "पुढचं ऐकूच आलं नाही. राहिलेली कडवी नीट म्हटलीत ना?"

मी हो म्हटलं. तिचा चेहरा खुलला. "मग झालं," म्हणाली, आणि कळशी उचलून घराकडे गेली.