अंगठेबहाद्दर

शाळेत त्यांना सगळे अक्षरबाई म्हणत. बाईंच्या हाताखालून गेलेल्या पोरांचं अक्षर लांबून ओळखू यायचं, आणि बाईंना त्याचा अभिमान, अभिमान कसला, चांगलाच तोरा होता. त्यांचा नियम एकच: पेन असं घट्ट धरायचं की अंगठ्याचं नख पांढरं पडलं पाहिजे. वर्गात फिरताना त्या आधी नखं बघत, वह्या मागाहून.

नववीतल्या एका मुलीने अंगठा आणि मनगट दुखतंय म्हणून सांगितलं, तेव्हा बाईंनी मागचा-पुढचा विचार केला नाही. "मोबाइल चाळून चाळून दुखणारच! पूर्वी सहीऐवजी अंगठा उठवणारे अंगठेबहाद्दर असायचे, आता तुम्ही!" वर्ग खो खो हसला. बाईही हसल्या. वर तिच्या आईला सांगून मोबाइल काढून घेतला, आणि हात सुटावा म्हणून रोज दोन पानं जास्तीचं शुद्धलेखन दिलं.

तीन आठवड्यांत मुलीला पाण्याची बाटली उघडता येईना. परीक्षा महिन्यावर आलेली. आईला कामावरून सुट्टी मिळेना, म्हणून बाईच तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांच्या तोंडून मोबाइलचा उद्धार ऐकायची हौसही होतीच.

डॉक्टरांनी अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवायला सांगितलं. मुलगी कळवळली.

"मोबाइल ना?" बाई घाईने म्हणाल्या.

"त्यानेही होतं. पण तो तर बंद आहे म्हणता." डॉक्टरांनी मुलीपुढे कागद सरकवला. "लिही बघू काहीतरी."

तिने पेन धरलं. नख पांढरंफटक.

"अगं, एवढं दाबून? कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. माझीच सवय आहे."

बाईंची कानशिलं तापली. गप्प बसलं असतं तर खपून गेलं असतं, आणि घटकाभर त्या खरोखरच गप्प बसल्या. त्या घटकेचीच त्यांना पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली. मग त्या म्हणाल्या, "मी शिकवलंय."

मनगटाला पट्टा बांधला, लिहिणं बंद झालं. परीक्षेत ती तोंडी सांगणार, दुसरंच कुणी लिहिणार.

जिना उतरताना मुलगी हळूच म्हणाली, "बाई, वर्गात हे सांगू नका हं."

"काय?"

"तुम्ही शिकवलंत ते. सगळे तुम्हाला हसतील."

बाईंना तिच्याकडे मान वर करून बघवेना.